सोमवारपर्यंत म्हणजे नक्की कधी?

इंग्रजीतली ही चार वाक्यं पाहा. 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.' 'पार्सल वॉज सेंट बिफोर थ्री डेज.' 'पेमेंट केम टुडे मॉर्निंग.' 'बॅलन्स विल बी पेड नेक्स्ट फ्रायडे.' सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागात डाइंग मिलच्या नाहीतर एम्ब्रॉयडरीच्या ऑफिसात बसलेला मराठी कारकून दिवसाकाठी अशी बरीच वाक्यं टाइप करतो. पहिल्या तीन वाक्यांवर शाळेतले सर लाल रेघ ओढतील. चौथ्यावर ओढणार नाहीत, कारण व्याकरणाच्या कुठल्याही पेपरात ते पैकीच्या पैकी गुण मिळवेल. गंमत अशी की पहिली तीन वाचून लंडनच्या गिऱ्हाइकाचाही गैरसमज होत नाही. चौथं मात्र सुरतेतल्या सुरतेत भांडण लावू शकतं. शुक्रवार कुठला, हा की त्यापुढचा?

वेळेविषयीचं इंग्रजी 'बरोबर आहे का' असं आपण विचारतो तेव्हा त्यात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. नियमात बसतं का? इंग्रज-अमेरिकन माणूस असं म्हणतो का? आणि ऐकणाऱ्याने तोच दिवस, तोच तास धरला का? शाळा पहिला प्रश्न विचारते, मुलाखतीची तयारी करून घेणारे क्लास दुसरा. तिसरा कुणीच विचारत नाही, आणि पैसे, गाडी, रजा यांचं नुकसान नेमकं तिथेच होतं. या प्रकरणात म्हणून आपण तिसऱ्या प्रश्नाला झुकतं माप देणार आहोत.

या तपासणीसाठी सुरतेसारखं गाव शोधून सापडणार नाही. तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर, जळगाव करत जाणाऱ्या रेल्वेमार्गाने पिढ्यान्‌पिढ्या खानदेशातली माणसं इथे कामाला येत राहिली. महापालिकेची शिक्षण समिती आजही गुजराती, हिंदी, उर्दूसोबत मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. घरात मराठी किंवा अहिराणी, बाजारात गुजराती, मेलवर इंग्रजी असा इथला दिवस. आता वेळेपुरतं बघा. मराठीत 'काल' आणि 'उद्या' स्वतंत्र आहेत. गुजरातीत नुसतं 'काले' म्हटलं तर कालही असू शकतो आणि उद्याही. 'गई काले' की 'आवती काले' हे जोडल्याशिवाय नाहीतर पुढचं क्रियापद ऐकल्याशिवाय कळत नाही. मराठी माणसाने याला हसायचं कारण नाही, आपला 'परवा' तसाच दोन्ही दिशांना तोंड करून उभा आहे. 'परवा भेटलो' आणि 'परवा भेटू' यांत दिवस ठरवतं ते क्रियापदच. इंग्रजीला इथे एकटा शब्दच नाही, तिला 'द डे बिफोर येस्टरडे' अशी लांबण लावावी लागते. त्यातला सुरुवातीचा 'द' आपण हटकून खातो. खाल्ला तर खाल्ला, दिवस बदलत नाही.

इंग्रजीचं व्याकरण आणि मराठी माणूस यांची सुरतेतली गाठभेट जुनी आहे. 'मराठी भाषेचे पाणिनी' म्हणून ज्यांना ओळखतात ते दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकवत होते. त्यांचं मराठी व्याकरण १८३६ मध्येच छापून झालं होतं आणि त्याची मांडणी बऱ्याच अंशी इंग्रजी व्याकरणाच्या साच्यावर बेतलेली होती. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांत इंग्रजी नेलं. मराठी वाक्य घ्या, त्याचं इंग्रजी करा, अशी ती पद्धत. पद्धत उत्तम, पण तिचा एक तोटा वेळेच्या बाबतीत आपल्या अंगात मुरला आहे. मराठी प्रत्ययाला एक ठरलेला इंग्रजी शब्द लावून आपण मोकळे होतो. पासून म्हणजे सिन्स. पूर्वी म्हणजे बिफोर. नंतर म्हणजे आफ्टर. पर्यंत म्हणजे टिल. आपल्या बहुतेक चुका या चार जोड्यांतून निघतात.

'पासून' घ्या. मराठीत तो दोन कामं करतो. '२०२२ पासून' म्हणताना तो कॅलेंडरवरचा एक ठिपका दाखवतो आणि 'दोन वर्षांपासून' म्हणताना काळाची लांबी मोजतो. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. ठिपक्याला सिन्स, लांबीला फॉर. म्हणून 'सिन्स मंडे', 'सिन्स दिवाळी', 'सिन्स २०२२', पण 'फॉर टू इयर्स'. कसोटी सोपी आहे. त्या शब्दांवर कॅलेंडरात बोट ठेवता येतं का? दिवाळीवर येतं, 'दोन वर्षं' यावर येत नाही. दुसरी अडचण क्रियापदाची. 'मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय' हे मराठीत सरळ वर्तमानकाळात आहे. इंग्रजीला तिथे 'हॅव बीन वर्किंग' लागतं, कारण मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी तिने वेगळा खण ठेवला आहे. ही चूक काही आपल्या एकट्याची नाही. जर्मन भाषेतही ठिपक्याला आणि लांबीला मिळून 'झाइट' हा एकच शब्द आहे आणि क्रियापदही साध्या वर्तमानकाळात चालतं. त्यामुळे जर्मन माणूस इंग्रजी शिकताना हुबेहूब आपल्यासारखंच 'सिन्स टू इयर्स' म्हणतो. 'हे भारतीय इंग्रजी आहे' असं नाक मुरडून म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

'पूर्वी'चंही तसंच. 'तीन दिवसांपूर्वी' आपण आत्तापासून मागे मोजतो, आणि आत्तापासून मागे मोजायला इंग्रजीत 'अगो' आहे: 'थ्री डेज अगो'. 'बिफोर' दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजतो. 'संप सुरू व्हायच्या तीन दिवस आधी माल निघाला', इथे बिफोर बरोबर. 'थ्री डेज बॅक' बोलण्यात इंग्रजही वापरतात, लेखी पत्रात 'अगो' बरा.

'दोन दिवसांनी येतो' याचं आपण 'आफ्टर टू डेज' करतो, इंग्रज 'इन टू डेज' म्हणेल. इथे मात्र मला मराठीच्या बाजूने बोलायचं आहे. इंग्रजीत 'इन टेन मिनिट्स' म्हणजे दहा मिनिटांच्या आत की दहा मिनिटं झाल्यावर, हे क्रियापदावरून ताडावं लागतं. 'आय विल फिनिश इन टेन मिनिट्स' यात आत, तर 'आय विल कॉल इन टेन मिनिट्स' यात झाल्यावर. मराठीत 'दहा मिनिटांत' आणि 'दहा मिनिटांनी' हे स्वच्छ वेगळे आहेत. आत हवं असेल तर इंग्रजीत 'विदिन' लिहावं, संशयाला जागा राहत नाही.

'टुडे मॉर्निंग', 'टुडे इव्हनिंग', 'येस्टरडे नाइट' यांबद्दल फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. इंग्रजीत यांना धिस मॉर्निंग, धिस इव्हनिंग, लास्ट नाइट असे तयार शब्द आहेत. मग 'टुमारो मॉर्निंग' आणि 'येस्टरडे मॉर्निंग' बरोबर कसे? ते बरोबर आहेत, बस्स. यात तर्क शोधू नये, वहिवाट शोधावी. शेक्सपिअरच्या काळी 'येस्टरनाइट' चालत होतं, ते मागे पडलं आणि 'लास्ट नाइट' राहिलं. अर्जात, मेलमध्ये 'धिस मॉर्निंग' लिहा. बोलताना कुणी 'टुडे मॉर्निंग' म्हणालं तर त्याला टोकू नका, त्याची सकाळ तुम्हाला अचूक कळलेली असते.

अ‍ॅट, ऑन, इन यांचाही असाच झटपट निकाल लावता येतो. घड्याळातल्या वेळेला अ‍ॅट, वाराला आणि तारखेला ऑन, महिना-वर्षासारख्या मोठ्या काळाला इन. 'इन द मॉर्निंग' पण 'अ‍ॅट नाइट', आणि वार जोडला की 'ऑन मंडे मॉर्निंग'. नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी आले की आधी काहीच नको, 'ऑन नेक्स्ट मंडे' मधला ऑन काढून टाका. शनिवार-रविवारला ब्रिटनमध्ये 'अ‍ॅट द वीकेंड' आणि अमेरिकेत 'ऑन द वीकेंड' म्हणतात. दोघं एकमेकांचं चूक ठरवत नाहीत, मग आपण कशाला पंचाईत करावी? दीड तासाला 'वन अँड अ हाफ अवर्स' किंवा 'अ‍ॅन अवर अँड अ हाफ', आपण 'वन अँड हाफ अवर' म्हणतो. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच ही श्रीमंती मराठी-गुजरातीकडे आहे, इंग्रजीकडे नाही. इंग्रजांचं बोलीतलं 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच आणि जर्मनांचं 'हाल्ब फ्युन्फ' म्हणजे साडेचार, हे कळल्यावर आपल्या 'साडे'चं महत्त्व पटतं. साडेपाचबद्दल मराठीत कधी कुणाची गाडी चुकलेली नाही.

आता 'पर्यंत'. इथे थांबायला हवं, कारण इथली चूक कुठलाही व्याकरण-तपासनीस पकडत नाही.

'सोमवारपर्यंत माल पाठवा' आणि 'सोमवारपर्यंत दुकान बंद राहील' या दोन्ही वाक्यांत मराठी एकच 'पर्यंत' वापरते. पहिल्यात काम सोमवारच्या आत कधीतरी एकदा होऊन संपायचं आहे. दुसऱ्यात स्थिती सोमवार येईतो अखंड चालू राहायची आहे. इंग्रजीत पहिल्याला बाय आणि दुसऱ्याला टिल किंवा अनटिल. 'सेंड द गुड्स टिल मंडे' लिहिलं तर वाचणारा चक्रावेल, पण अंदाजाने समजून घेईल. खरा घोटाळा 'असणे' या क्रियापदाशी होतो. 'आय विल बी इन सुरत बाय मंडे' म्हणजे मी उशिरात उशिरा सोमवारी सुरतेत पोचलेला असेन. 'आय विल बी इन सुरत टिल मंडे' म्हणजे मी आत्ता तिथे आहे नाहीतर लवकरच जाणार आहे आणि सोमवारी निघेन. दोन्ही वाक्यं व्याकरणाने निर्दोष, अर्थ एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेले. मनात 'सोमवारपर्यंत सुरतेत आहे' असं धरून कुणी बाय लिहिलं, तर मुंबईचा खरेदीदार मंगळवारी सुरतेत येऊन उभा राहील आणि ज्याला भेटायचं तो गावी निघून गेलेला असेल. मोबाइलमधला स्पेलिंग-व्याकरण तपासणारा प्रोग्राम या वाक्याखाली एकही रेघ ओढणार नाही.

बरं, टिल बरोबर जागी पडला तरी आणखी एक कोडं उरतं. 'क्लोज्ड टिल मंडे' अशी पाटी असेल तर दुकान सोमवारी उघडेल की मंगळवारी? बहुतेक इंग्रज म्हणतील सोमवारी उघडेल. पण 'ऑन लीव्ह टिल मंडे' असा अर्ज आला तर बहुतेक कचेऱ्या सोमवारही रजेत धरतील. शब्द तोच, सोमवार एकदा बाहेर, एकदा आत. अमेरिकन लोकांनी यावर 'मंडे थ्रू फ्रायडे' असा तोडगा काढला आहे, त्यात शुक्रवार निर्विवादपणे आत असतो. आपल्याकडे 'थ्रू' रुळलेला नाही आणि रुळवण्याची गरजही नाही. पाटीवर 'रीओपन्स ऑन ट्यूजडे' लिहिलं की झालं. रजेच्या अर्जात शेवटचा सुट्टीचा दिवस लिहिण्यापेक्षा कामावर हजर होण्याची तारीख लिहावी.

असली वादावादी कायद्याला परवडत नाही, म्हणून कायद्याने ती केव्हाच मिटवून ठेवली आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं नववं कलम सांगतं की केंद्रीय कायद्यात एखाद्या मुदतीचा पहिला दिवस वगळायचा असेल तर 'फ्रॉम' हा शब्द पुरे आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर 'टू' हा शब्द पुरे. दोन अक्षरी-चार अक्षरी शब्दयोगी अव्ययांवर कायद्याचं अख्खं कलम खर्ची पडलं आहे.

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजाराला या छोट्या शब्दांची किंमत २०२४ च्या सुरुवातीला कळली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून २००६ च्या कायद्यात मुदत होतीच. लेखी करार नसेल तर १५ दिवस, करार असेल तरी माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या ४३ बी कलमात भर घालून तिला दात दिले. मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येणार नाही, प्रत्यक्ष दिली जाईल त्या वर्षीच धरता येईल. ही तरतूद ३१ मार्च २०२४ ला संपणाऱ्या वर्षापासून लागू झाली. जिथे तीन-तीन महिन्यांची उधारी ही रीत, त्या बाजारात धांदल उडाली आणि 'फ्रॉम द डे ऑफ अ‍ॅक्सेप्टन्स' हे शब्द व्यापारी बोटावर मोजू लागले. आपणही मोजून पाहू. माल १ मार्चला स्वीकारला. 'फ्रॉम' असल्यामुळे १ मार्च बाहेर. २ मार्च हा पहिला दिवस, ३१ मार्च हा तिसावा, १५ एप्रिल हा पंचेचाळिसावा. पहिला दिवस धरून मोजणाऱ्याला १४ एप्रिल मिळेल. आणि मेलमध्ये 'बिफोर १५ एप्रिल' लिहिलं तर १५ तारीख बाहेर, 'बाय १५ एप्रिल' लिहिलं तर आत. शाळेत या दोन शब्दांत अर्ध्या मार्काचाही फरक पडला नसता.

मुदतीइतकाच दगा देणारा क्षण म्हणजे रात्रीचे बारा. 'ट्वेल्व ए. एम.' म्हणजे दुपार की मध्यरात्र, यावर खुद्द अमेरिकी सरकारच्या छापखान्याची शैलीपुस्तिका २००८ पर्यंत जगाच्या उलट बाजूला होती आणि मग तिने बाजू बदलली. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'मध्यान्हीपूर्वी' आणि 'मध्यान्हीनंतर' असा. खुद्द मध्यान्ह धड पूर्वीही नाही आणि नंतरही नाही, त्यामुळे तर्काने हा वाद सुटतच नाही. 'ट्वेल्व नून' आणि 'ट्वेल्व मिडनाइट' लिहिणं शहाणपणाचं, त्याला कुणी द्विरुक्ती म्हणालं तरी. पण 'मिडनाइट ऑफ १५ जून' कुठली? १४ ची रात्र संपताना की १५ ची? आपली रेल्वे चोवीस तासांचं घड्याळ वापरते म्हणून तिकिटावर घोळ नसतो. घोळ आपल्या डोक्यात असतो. मुंबई-अहमदाबाद मार्गावर सुरतेहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीचं तिकीट १५ तारखेचं असेल आणि वेळ ००:२० असेल, तर घरातून १४ तारखेच्या रात्री निघायचं असतं. १५ च्या रात्री जेवूनखाऊन स्टेशनवर गेलेल्या माणसाची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. बोलताना आपण 'फिफ्टीन्थ नाइट' म्हणतो, आणि मराठी मनाला रात्र ही मावळलेल्या दिवसाचीच वाटते. तिथे ही गडबड होते.

आता ज्या वाक्याला आपण पैकीच्या पैकी गुण दिले त्याकडे वळू. 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे येणारा पहिला शुक्रवार, असं काही जण मानतात. येणारा तो 'धिस फ्रायडे' आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातला 'नेक्स्ट', असं दुसरे. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्यातही ही फूट आहे, तेव्हा कुठल्याही शब्दकोशाच्या आधारे भांडण जिंकता येणार नाही. 'बायवीकली'ची तीच तऱ्हा. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोश दोन्ही अर्थ देऊन हात वर करतात. अशा शब्दांवर माझा निकाल साफ आहे. ते शुद्ध असले तरी वापरू नयेत.

'फॉरवर्ड' याहून वस्ताद. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेरा बोरोडिट्स्की यांनी लोकांना विचारलं, पुढच्या बुधवारची मीटिंग 'दोन दिवस फॉरवर्ड' सरकवली तर ती कधी होईल? साधारण अर्धे म्हणाले सोमवारी, अर्धे म्हणाले शुक्रवारी. जे स्वतःला काळातून पुढे चालताना पाहतात त्यांचा शुक्रवार, काळच आपल्याकडे येतोय असं ज्यांना वाटतं त्यांचा सोमवार. मराठी माणसाचा कल आधीच ठरलेला असतो, कारण आपल्याकडे मीटिंग 'पुढे ढकलली' म्हणजे ती उशिराच जाते. इंग्रजीतलं 'ब्रॉट फॉरवर्ड' मात्र नेमकं उलट, अलीकडे आणली असं सांगतं. वाक्य ओळखीचं वाटतं, शब्द कळतात, आणि दिवस चुकतो.

याच गरजेतून आपल्याकडे 'प्रीपोन' रुजला. पोस्टपोन आहे तर प्रीपोन का नको, हा हिशेब सरळ आहे. त्याला कारकुनी इंग्रजी म्हणून हिणवायची फॅशन होती. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने त्याचा माग काढला तेव्हा आजच्या अर्थाचा वापर १९१३ साली 'न्यू यॉर्क टाइम्स'ला आलेल्या एका पत्रात सापडला. 'आधी ठेवणे' हा जुना अर्थ तर सोळाव्या शतकातला. म्हणजे शब्द जन्माने आपला नाही, पण त्याला पोसला आपण. भारतात तो बेधडक वापरावा, कारण त्याचा अर्थ एकच निघतो आणि 'फॉरवर्ड'चे दोन निघतात. परदेशी पत्रात फक्त शेजारी तारीख द्यावी.

तारीख दिली की सगळं मिटतं, असं वाटत असेल तर सुरतेचाच एक जुना दाखला आहे. सुरत म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवते ती शिवाजी महाराजांची १६६४ च्या जानेवारीतली स्वारी. त्या वेळी गावात इंग्रजांची वखार होती आणि डचांचीही. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळत आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्यांच्या हिशेबी तो जानेवारी १६६३ चाच होता, कागदोपत्री १६६३/६४ असं जोडवर्षही लिहीत. डच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर पाळणारे, ते दहा दिवस पुढे. मंगळवार ५ जानेवारी अशी इंग्रजांची तारीख असेल, तर डचांच्या वहीत तो मंगळवार १५ जानेवारी. वार एकच, तारखा दोन, वर्षंही दोन. ब्रिटनने हे प्रकरण १७५२ मध्ये मिटवलं, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. जुन्या कागदांवर काम करणारे अभ्यासक आधी वही कुणाची हे पाहतात आणि मग तारीख वाचतात, ते याचसाठी.

घड्याळाचाही असाच घोळ झाला आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली जुनी वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चाले आणि १९५५ पर्यंत टिकली. 'अ‍ॅट फाइव्ह ओक्लॉक' या निर्दोष वाक्यापुढे त्या काळी 'कुठल्या वेळेने' हेही सांगावं लागे. आज देशभर घड्याळ एकच आहे, पण तारखेचा घोळ दुसऱ्या रूपाने परत आला आहे. ०३/०४ हे आपल्याला आणि ब्रिटनला ३ एप्रिल, अमेरिकेला ४ मार्च.

तर एखादा वाक्प्रयोग तपासायचा कसा? मोठे शब्द कोशात पाहायची आपल्याला सवय असते, वेळेच्या बाबतीत छोटे शब्द पाहावेत. बाय, टिल, सिन्स, फॉर यांच्याखाली शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात भरपूर उदाहरणवाक्यं असतात आणि नियमापेक्षा ती लवकर पटतात. असे कोश आधी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी तयार झाले. ए. एस. हॉर्नबी यांचा मूळ कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला होता, लंडनमध्ये नव्हे. दुसरं साधन गूगलचं 'एनग्रॅम'. छापील पुस्तकांत 'लास्ट नाइट' किती आणि 'येस्टरडे नाइट' किती, हे ते वर्षवार आलेखावर दाखवतं. साध्या शोधयंत्रात आलेल्या आकड्यांवर मात्र विसंबू नये, तिथे चुकीचे प्रयोगही लाखांनी असतात. एवढं करूनही 'लाँग टाइम नो सी'सारखी वाक्यं निघतील, जी कुठल्याच नियमात बसत नाहीत आणि तरी इंग्रज बिनदिक्कत बोलतात. ती जशीच्या तशी घ्यावीत.

शेवटची तपासणी मात्र कोशात होत नाही. लिहिलेलं वाक्य शेजारच्या टेबलवरच्या माणसाला वाचायला द्या आणि व्याकरणाबद्दल काही न विचारता समोरच्या कॅलेंडरवर त्याला बोट ठेवायला सांगा. बोट तुमच्या मनातल्या चौकोनावर पडलं तर वाक्य पाठवा. नाही पडलं तर नेक्स्ट, टिल, फॉरवर्ड, मिडनाइट हे सगळं खोडा आणि वार, तारीख, अक्षरांत महिना, चोवीसच्या घड्याळाने तास एवढंच लिहा: 'मंडे, १० जून २०२४, १७:३०'.